कूलर तिकडेच राहू दे

सामानाची यादी वाचली. बाकी सगळं ठीक, फक्त कूलर खोड. बाबांनी हौसेने घेऊन दिलाय, मोठ्या टाकीचा, नवाकोरा, सगळं मान्य. तरी तो सोलापुरातच राहू दे. इथे कुडाळला खोलीत लावलास तर तासाभरात उशी दमट होईल, भिंतीला हात लावलास तर ओल लागेल आणि तू आधीपेक्षा जास्त चिकचिकीत होऊन बसशील.

तू शेतीची पदवी घेतलेली, तुला कारण लगेच कळेल. पाणी वाळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. कूलर त्यावरच चालतो, माठ त्यानेच गार होतो, वाळ्याचा पडदाही त्याच्याच जिवावर. दहावीच्या मुलांना मी हाच ‘अप्रकट उष्मा’ शिकवते आणि शिकवताना स्वतः घामाने निथळत असते. एक ग्रॅम पाणी वाळायला साडेपाचशेच्या वर कॅलरी लागतात, म्हणजे केवढं काम करतं ते! पण हवा कोरडी असली तरच. मे महिन्यातली कोकणातली हवा आधीच पाण्याने जड झालेली असते. मग माठातलं पाणी आपल्याकडच्यासारखं गार होत नाही, दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो, आणि अंगावरचा घाम वाळायचं नावच घेत नाही. आपलं अंग म्हणजेही एक कूलरच गं, फक्त इथे त्याची टाकी रिकामी होत राहते आणि गारवा काही मिळत नाही. वाहून गेलेला घाम अंग निववत नाही. मीठ आणि पाणी मात्र घेऊन जातो.

एवढं एक डोक्यात ठेव, पुढचं सगळं त्यावरच आहे. दुपारी तुला हैराण करणार ते हवेतलं पाणी. आणि चार वाजता आंबोलीच्या डोंगरावर काळंकुट्ट होऊन गडगडणार तेही तेच.

पहिल्या आठवड्यात तू मोबाईलवर तापमान बघशील आणि हसशील. तेहेतीस, चौतीस. ‘यात काय एवढं? आमच्याकडे बेचाळीसला लोक बाजारात फिरतात.’ हे वाक्य इथल्या कुणाला ऐकवू नकोस, आणि स्वतःलाही नको. तेहेतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता एकत्र आली की अंगाला ते चाळिशीच्या वरचं वाटतं. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट सगळीकडे एकाच आकड्याने मोजत नाही. सपाट प्रदेशात चाळीस अंशांच्या पुढे तो विचार सुरू होतो, किनाऱ्यावर सदतीसलाच. खारघरच्या सोहळ्याचं आठवतंय ना? १६ एप्रिल २०२३, उघडं मैदान, डोक्यावर ऊन आणि लाखो माणसं तासन् तास बसलेली. उष्माघाताने चौदा जण गेले. पारा तेव्हा चाळिशीतही नव्हता. सोलापूरकर त्या आकड्याला ऊनसुद्धा म्हणणार नाहीत.

रात्रीचं तर आणखी वेगळं. आपल्याकडे गच्चीवर अंथरूण टाकलं की पहाटे पांघरूण शोधावं लागतं. इथे किमान तापमान पंचवीस-सव्वीसच्या खाली यायला तयार नसतं, त्यामुळे दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही सुट्टी नाही. म्हणून भाड्याची खोली बघताना नवी-जुनी, फरशी-टाइल्स असलं काही बघत बसू नकोस. वारा आरपार जातो का ते बघ. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त मिळेल, आणि का स्वस्त आहे ते पहिल्याच रात्री कळेल. रात्री अकरालाही तो स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो. त्यापेक्षा कौलारू घराची पडवीकडची खोली घे. उंच छप्पर, समोर खळं, मागे माड. दिसायला जुनाट, पण झोप लागते. छताला चांगला पंखा हवा. चाळीसच्या वरच्या कोरड्या हवेत पंखा नुसती भट्टी ढवळतो, पण इथे तो अंगाजवळची ओलसर हवा हलवतो, त्यामुळे तो खरोखर कामाचा. पुढेमागे एसी घेतलास तर सोळा अंशांवर ठेवून कुडकुडायची हौस नको. त्यात ‘ड्राय’ नावाचं एक बटण असतं, ते पाणी काढून घेतं. सव्वीस-सत्तावीसवर तेवढ्याने भागतं, बिलही आटोक्यात राहतं.

सहायक कृषी अधिकाऱ्याचं काम म्हणजे तू फिरणार. आज या बागेत, उद्या त्या वाडीत, परवा सड्यावरच्या कातळावर काजू बघायला. तेव्हा वेळेचं गणित आधी बसव. सहाला बाहेर पड, दहाच्या आत सावलीत ये. तो दहा ते साडेअकराचा मधला वेळ सगळ्यात वाईट. रात्रीचे मतलई वारे पडलेले असतात, समुद्राकडचे खारे वारे अजून सुटलेले नसतात, पान हलत नाही. बाराच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला की लोकांच्या चेहऱ्यावर जीव येतो. एखाद्या दिवशी घाटावरून पूर्वेचा वारा जोरात असतो आणि तो समुद्राच्या वाऱ्याला आत येऊच देत नाही. त्या दिवशी किनारासुद्धा भाजून निघतो. मुंबईत सांताक्रूझला मार्चमध्ये ४१.७ अंश झाले होते, १९५६ साली, ते अशाच दिवसांतले. असा दिवस असला तर बागेची पाहणी उद्यावर ढकल. आंबे कुठे पळून जात नाहीत. (चोर नेतात, पण ते रात्री.)

न्याहारीला पोहे-उपमा खाऊन निघू नकोस, पेज जेव. माझ्या सासूबाई मला अजून दारात अडवतात, ‘पेज जेवल्याशिवाय भायर जाव नको गो.’ उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड किंवा सुकटीची चटणी. डॉक्टर पाकिटातून जे देतात ते बरंचसं या ताटलीतच आहे. पाणी, मीठ, पिष्ट. शेतावर राबणारी माणसं इथे पिढ्यान् पिढ्या अकराच्या सुमाराला पेजच पीत आली, ती काही उगाच नाही.

दिवसभराच्या बाटलीत आगळाचं पाणी ठेव. आगळ म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, त्यात मीठ आधीच भरपूर. बाजारातलं गोडमिट्ट लालभडक सरबत तहान भागवतं, पण घामातून गेलेलं मीठ परत देत नाही. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि मीठ कमी. दिवसभर नुसती शहाळी पिऊन ‘मी खूप पाणी घेते’ म्हणशील तर संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतील. मीठ-साखरेचं पाणी घरी करायचं झालं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजपंचे घालायचं नाही.

आता जरा आतलं सांगते, कारण हे तुला ऑफिसात कुणी सांगणार नाही. फिरतीच्या कामावर आपण बायका पाणी पीत नाही. का, ते तुलाही माहीत आहे. वाडीत जायचं, चार पुरुष बरोबर, स्वच्छतागृह कुठे विचारायची लाज, मग सकाळपासून दोन घोटांवर काढायचं. सोलापुरात एखाद्या दिवशी ते खपून गेलं असेल. इथे त्या दोन घोटांवर तू घामाच्या धारा लावशील, आणि पंधरवड्यात लघवीला जळजळ सुरू. ज्या वाडीत जाशील तिथल्या पहिल्या घरातल्या बाईला थेट सांग, ‘वहिनी, जरा आत जाऊन येते.’ कोकणातल्या बायका मोकळ्या. आत नेतील, वर पाणी देतील, आणि तू कोण, कुठली, लग्न झालंय का हेही विचारतील. तेवढी किंमत द्यायची. पाळीच्या दिवसांत पॅड चार-चार तासांनी बदल, ओघ कमी असला तरी. दमटपणामुळे मांड्या सोलपटतात. आतले कपडे सावलीत वाळवू नकोस. लाज वाटली तर वर पातळ ओढणी टाक, पण ऊन लागू दे. इथे न वाळलेला कपडा म्हणजे नायट्याला आमंत्रण.

नायट्यावरून आठवलं. काखेत, जांघेत, कमरेला नाडीच्या जागी लाल गोल चट्टा आला, खाज सुटली, तर दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणू नकोस. त्या मिश्रणाच्या ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि महिन्याभरात चट्टा पोटभर पसरतो. मग खरं औषध द्यायला डॉक्टरांनाही जड जातं. थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जा. घामोळं वेगळं, त्याला औषध नको, वारा हवा. सैल, पातळ सुती कपडे, दिवसातून दोनदा आंघोळ आणि अंग नीट कोरडं करणं. पावडरचे थर नको. घामात त्याचा चिखल होतो.

उष्माघाताबद्दल आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: माणसाची कातडी कोरडीठाक होते, घाम थांबतो. इथे त्या चित्राची वाट बघत बसू नकोस. दमट हवेत, त्यातही काम करता करता उष्माघात झाला, तर माणूस घामाने भिजलेलाच असतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, पाय लटपटतायत इथवर असेल तर सावली, वारा, मीठ-साखरेचं पाणी, आडवं होणं एवढ्याने बरं वाटतं. पण बोलणं अडखळायला लागलं, माणूस भलतंच काही बडबडायला लागला, किंवा हाक मारली तर नीट ओ देत नाही, तर मामला गंभीर. १०८ला फोन कर आणि गाडी येईपर्यंत हात बांधून उभी राहू नकोस. कपडे सैल कर, अंगावर विहिरीचं पाणी ओत, वारा घाल, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेव. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. आणि खिशातला कांदा खिशातच राहू दे, भजीला उपयोगी पडेल.

आता आभाळाचं.

एप्रिल उलटला की तुला रोज एक खेळ दिसेल. सकाळी आभाळ स्वच्छ. अकराला कापसाचे पुंजके. दोनच्या सुमाराला पूर्वेला, सह्याद्रीच्या रांगेवर, एक ढग उभा राहतो आणि उंच उंच चढत जातो. दुपारचे खारे वारे समुद्रावरची ओल घेऊन आत येतात, डोंगराला अडतात आणि वर ढकलले जातात. वर गारव्यात त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. घाम वाळताना जी उष्णता अंगातून जायला हवी होती, तीच उष्णता इथे पाणी होताना ढगाच्या पोटात सुटते आणि त्याला आणखी वर रेटते. पाहता पाहता दहा-बारा किलोमीटर उंचीचा मनोरा. मला विचारशील तर विज्ञानाच्या पुस्तकातल्या त्या धड्याला याहून चांगलं चित्र नाही. पण तो धडा आम्ही शिकवतो थंडीत, आणि परीक्षा उरकतात मार्चमध्ये.

या दिवसांत वरच्या थरातले वारे बऱ्याचदा पूर्वेकडून असतात. ते हा ढग घाटावरून खाली आपल्यावर आणून सोडतात. म्हणून मे महिन्यातला पाऊस बघायचा तो डोंगराकडे तोंड करून. नवीन माणसं समुद्राकडे बघत राहतात, तिकडे ऊन असतं, आणि पाठीमागून पाऊस गाठतो. मृग लागला की दिशा बदलते, मग पाऊस समुद्राकडून येतो, धो धो, दिवसभर, आणि त्याचा गडगडाटही कमी. दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ अशी डोंगराच्या पायथ्याकडची गावं या वळवाच्या वाटेत जास्त येतात. मालवण-वेंगुर्ल्याला बऱ्याचदा संध्याकाळी नुसती लांबची लकाकी दिसते आणि लोक उकाड्यात हाश्शहुश्श करत बसतात.

खरा धोका कधी, तर पाऊस सुरू व्हायच्या आधी. हे तुला घोकून ठेवायला सांगते, कारण तेव्हाच सगळे खुशीत असतात. दिवसभर अंगाची लाही झालेली, आणि एकदम पश्चिमेचा वारा पडतो, पूर्वेकडून गार झोत येतो, पाचोळा उडतो, माड वाकायला लागतात. पोरं ओरडत आंब्याखाली धावतात. पडीचे आंबे! बायकाही पदर खोचून निघतात. तो गार झोत म्हणजे ढगातून खाली कोसळलेली हवा. ढग डोक्याशी आल्याची ती वर्दी असते. वीज पावसाच्या पुढे दहा किलोमीटरवरही पडू शकते. वर वाळलेल्या झावळ्या, नारळ, आंब्याच्या फांद्या सुटायच्या त्याही याच वाऱ्यात. दहा आंब्यांसाठी झाडाखाली जायचं नाही, मग ते खरे देवगड हापूस का असेनात.

देशात गेल्या काही वर्षांत विजेने दरसाल अडीच हजारांच्या वर माणसं जातात. बहुतेक शेतात, रानात, गुरांमागे असलेली. तुझं ऑफिसच तिथे आहे, म्हणून ही कटकट. हिशोब सोपा आहे. लकाकलं की मोजायला लाग. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो. तीस मोजायच्या आत गडगडलं, म्हणजे ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा काम टाकून पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास आतच थांब. लोक चुकतात ते या अर्ध्या तासात. पाऊस थांबला, ऊन पडलं, चला, म्हणून निघतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोबाईल ॲप आहे, आजूबाजूला वीज पडतेय का ते त्यात दिसतं. ते घालून ठेव. पण सड्यावर रेंज नसते. तिथे आपले कान आणि डोळे.

आत म्हणजे कुठे, हेही सांगते. भिंती आणि छप्पर असलेलं घर, शाळा, देऊळ चालेल. पत्र्याच्या टपाची बंद गाडी चालेल, एस.टी. चालेल, काचा वर करून बसायचं. मांगर चालणार नाही. तीन बाजूंनी उघडा, वर झापं, खांबांना टेकून माणसं उभी; तिथे पाऊस चुकतो, वीज चुकत नाही. एस.टी.चा थांबाही तसाच. झाड तर नाहीच नाही. झाडावर पडलेली वीज खोड सोडून शेजारच्या माणसावर उडी घेते, आणि मुळांपासून जमिनीतूनही पसरते. गुरं जास्त मरतात ती यामुळेच. पुढचे आणि मागचे पाय लांब लांब, मधून वीज शिरते. सड्यावर अडकलीस आणि जवळ काहीच नसेल, तर स्कूटर सोडून लांब हो, दोन्ही पाय जुळवून उकिडवी बस, डोकं खाली. आडवी पडू नकोस. बरोबर माणसं असतील तर एकमेकांपासून अंतर ठेवा. हा काही बचावाचा पक्का मार्ग नव्हे, नाइलाजाचा आहे. मुळात दुपारी दोननंतर सड्यावर असायचंच नाही.

घरात असलीस की फ्रिज, टीव्ही, वायफायच्या डब्याच्या पिना काढून ठेव. लाइट जाणारच आहे, ती येताना झटका घेऊन येते. मोबाईल हातात असल्याने वीज पडत नाही, ती अफवा आहे, पण चार्जिंगला लावलेला फोन कानाला नको. न्हाणीत नळाखाली आंघोळ नको, पाणी आणि नळ दोन्ही विजेचे सोयरे. आणि कुणी पायाळू म्हणून एखाद्या पोराला वादळात वेगळं बसवत असेल तर त्या पोराला आपल्याजवळ घे. वीज जन्मपत्रिका बघत नाही.

एखाद्यावर पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नकोस. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास आणि नाडी बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात कर, थांबू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांग. विजेने पडलेली माणसं अशी परत आणता येतात, निदान प्रयत्न तरी करायचा असतो. तुमच्या खात्यात कुणी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवलं तर मागच्या बाकावर बसून मोबाईल बघू नकोस.

कामाच्या बाजूने एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे वळीव आला की ढेकळं फुटतात, नांगरटीला बरं जातं, मातीचा वास येतो, माणसं खूश होतात. इथे तू मातीचा वास घेत हसतमुखाने बागायतदाराच्या दारात गेलीस तर तो तुला हाकलून देईल. झाडावर शेवटचा हापूस असतो, पाऊस पडला की फळावर करपा, पाठोपाठ फळमाशी, काजूची बी भिजून काळी पडते. वर्षभराच्या पैशांवर अर्ध्या तासात पाणी पडतं. अशा दिवशी आधी त्याचं ऐकून घे, सल्ला नंतर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो, तो आदल्या दिवशीच त्यांच्यापर्यंत पोचव. पावसानंतर पोचवलेल्या सल्ल्यावर माणसं काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे, लिहिण्यासारखं नाही. हाच पाऊस मेअखेर रोहिणीत आला तर मात्र धूळवाफेवर भात पेरलेला शेतकरी खूश. म्हणजे एकाच वाडीत एकाच सरीवर दोन मतं, आणि तुला दोन्ही घरी चहा प्यायचाय.

बायकांचं वाळवण हीही इथली मोठी शेतीच आहे, सरकारी कागदावर नसली तरी. कोकमं, आंबोशी, फणसाचे पापड, मिरच्या, सुकी मासळी, सगळी आगोटची बेगमी याच उन्हात. २०२५ला मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि ज्यांनी ‘अजून आठ-दहा दिवस आहेत’ म्हटलं होतं त्यांची गाळण उडाली. तुला स्वतःला काही वाळवायचं असेल तर मेच्या मध्यापर्यंत उरक, आणि रोज दोन वाजता डोंगराकडे बघून मग दुपारची झोप घे.

वळीव पडून गेल्यावर गार वाटेल असं तुला वाटेल. वाटतंही, जरा वेळ. मोठी सर असेल तर रात्र बरी जाते. पण दहा मिनिटांची शिंतडसर असेल तर तापलेल्या कातळावरचं सगळं पाणी पुन्हा हवेत, आणि रात्री आधीपेक्षा जास्त गदमदतं. त्या रात्री लाइट गेलेली असेल. तेव्हा हातपंखा, चार्जिंगचा दिवा आणि बाहेर जायला बॅटरी जवळ ठेव. बॅटरी विसरू नकोस. पहिल्या सरीनंतर जनावरं, म्हणजे साप, बाहेर पडतात, आणि कातळाच्या मुलखात फुरसं असतं. एवढंसं दिसतं, पण चप्पल घातल्याशिवाय खळ्यातही उतरायचं नाही.

तर कूलरच्या जागी काय आणायचं? मलमलचे चार सैल कुर्ते, दोन पातळ टॉवेल (जाड अजिबात नको, ते आठवडाभर वाळत नाहीत), रुंद काठाची टोपी, छत्री लाकडी दांड्याची. आईकडून शेंगांची चटणी आण, पण काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, आणि थोडी थोडी. खवट व्हायला इथे वेळ लागत नाही. कडक भाकऱ्या मात्र आणू नकोस. तू म्हणशील आणतेच, ताईला आवडतात. आणल्यास तर एस.टी. स्टँडवरून थेट माझ्याकडे ये, त्याच संध्याकाळी संपवू, दुसऱ्या दिवशी त्या पोळीसारख्या मऊ होतात.